सोळा गाणी, चार बाजू: जुन्या न्यू यॉर्कचा नाच एका अल्बममध्ये कसा मावतो

लंडनच्या सोल जॅझ रेकॉर्ड्स या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने, २००३ मध्ये 'न्यू यॉर्क नॉइज' नावाचा संग्रह काढला. १९७८ ते १९८२ या काळातलं न्यू यॉर्कच्या भूमिगत जगातलं नाचाचं संगीत, असं त्याचं उपशीर्षक सांगतं. त्यात लिक्विड लिक्विड, ईएसजी, कॉन्क, बुश टेट्राज, कंटॉर्शन्स, मार्स, डायनासोर एल अशी नावं आहेत. यातल्या मार्सचं गाणं लावून लग्नाच्या हॉलमध्ये कुणी नाचणार नाही. पत्र्यावर खिळे ओढल्यासारखा आवाज आहे तो. ईएसजी लागलं की मात्र बसलेल्या माणसाचाही पाय हलतो. ही दोन टोकं एकाच तबकडीवर बसवायची आणि ऐकणाऱ्याला ते सहज वाटायला लावायचं, हे काम दिसतं त्यापेक्षा बरंच किचकट आहे.

अनेकांचा समज असा असतो की चांगली आवड असलेला कुणीतरी बसतो, आवडीची पंधरा-सोळा गाणी निवडतो, छान कव्हर करतो आणि झालं. आवड लागतेच, पण ती पहिल्या आठवड्यापुरती. पुढचे महिने तीन गोष्टींत जातात: गाण्याचा हक्क कुणाकडे आहे, मूळ टेप कुठे आहे, आणि तबकडीवर मिनिटं किती मावतात. या तिन्ही चाळण्यांतून जे खाली उतरतं तोच संग्रह. पुढे सगळा हिशेब सोळा गाण्यांचा संग्रह धरून केला आहे.

आधी तो काळ

१९७५ मध्ये न्यू यॉर्क शहराची तिजोरी जवळजवळ रिकामी झाली होती. मॅनहॅटनच्या दक्षिण भागातले बंद पडलेले कारखाने आणि गोदामं स्वस्तात भाड्याने मिळत. चित्रकार, कवी, वाजवता न येणारे वादक आणि वाजवता येऊनही ते विसरू पाहणारे वादक तिथे राहायला आले. बावरी रस्त्यावर सीबीजीबी हा संगीताचा क्लब होता, १९७८ मध्ये व्हाइट स्ट्रीटवर मड क्लब उघडला. तिथून फार लांब नाही अशा ८४, किंग स्ट्रीटवर पॅरेडाइज गराज हा नाचाचा क्लब होता. तिथे लॅरी लेवन रात्रभर रेकॉर्ड लावायचा आणि समोर बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी गर्दी नाचायची.

एका बाजूला 'नो वेव्ह' म्हणून ओळखला गेलेला गोंगाट, दुसऱ्या बाजूला डिस्को. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड्स स्फोटकं लावून उडवल्या गेल्या. मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर 'डिस्को' हा शब्दच टाकला. नाचणारे मात्र घरी बसले नाहीत. कंपन्यांनी मोकळी केलेली जागा लहान लेबलांनी घेतली, आणि गोंगाटवाले नि नाचवाले एकाच क्लबात, कधी एकाच गाण्यात भेटू लागले.

ही भेट ऐकायची असेल तर ईएसजीचं 'मूडी' घ्या. साउथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणींचा हा बँड. १९८१ मध्ये मँचेस्टरच्या फॅक्टरी लेबलसाठी मार्टिन हॅनेटने त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. गाण्यात बेस आहे, ड्रम आहेत, काँगा हा हाताने वाजवायचा उंच ढोल आहे आणि वर गाणं. बाकी मोकळी जागा. बेसचा एकच छोटा तुकडा फिरत राहतो आणि काँगा त्याच्या फटींत बसते. आपल्याकडे नगम्याचा लेहरा फिरत असताना तबल्यावर लक्ष जातं, तसंच इथे न बदलणाऱ्या बेसमुळे बाकीच्यांची बारीक हालचाल ऐकू येते. याच बँडच्या 'यूएफओ'ची सुरुवातीची किंकाळी पुढे असंख्य हिप-हॉप गाण्यांत कापून वापरली गेली. १९९२ च्या त्यांच्या ईपीचं, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचं, नावच होतं 'सँपल क्रेडिट्स डोन्ट पे अवर बिल्स'. श्रेयनामावलीत नाव आल्याने बिलं भरली जात नाहीत, हे त्यांनी थेट कव्हरवर छापलं.

दुसरं टोक म्हणजे आर्थर रसेल. चेलो वाजवणारा आयोवाचा मुलगा, कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या संस्थेत हिंदुस्तानी संगीत शिकला, न्यू यॉर्कला येऊन 'द किचन' या प्रायोगिक कलाकेंद्राचा संगीत संचालक झाला आणि मग डिस्को करू लागला. डायनासोर एल हे त्याचंच एक नाव. त्याच्या डिस्कोत राग शोधायला जाऊ नये. पण एकच कल्पना घाई न करता उलगडत ठेवण्याची सवय तिथे ऐकू येते, असं आम्हाला वाटतं.

तीन संग्रह, तीन जाती

याच शहरावरचे तीन संग्रह शेजारी ठेवले की अडचण कुठे असते ते कळतं. १९७८ चा 'नो न्यू यॉर्क' ब्रायन ईनोने निर्माण केला: चार बँड, प्रत्येकाची चार गाणी, सगळं त्याच वेळी ध्वनिमुद्रित. हक्क शोधायचा प्रश्न नाही, गाणी त्याच अल्बमसाठी केलेली. १९८१ चा 'म्यूटंट डिस्को' झेड-ई लेबलचा: मायकल झिल्खा आणि मिशेल एस्तबान यांनी आपल्याच घरातली गाणी एकत्र केली. इथेही कपाट एकच. 'न्यू यॉर्क नॉइज' मात्र वीसेक वर्षांनी, दुसऱ्या देशात, वेगवेगळ्या लहान लेबलांकडून गाणी गोळा करून झाला. त्यातली कित्येक लेबलं तोवर बंद पडलेली. हा तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, आणि जुन्या काळावरचे आजचे बहुतेक चांगले संग्रह याच जातीचे असतात.

यादी आणि आवृत्तीचा घोळ

सोळा गाणी हवी असतील तर यादी पन्नास-साठची लागते. निम्म्याहून जास्त गळणार हे धरूनच चालायचं. यादी करताना सीमा आधी ठरवायची: शहर, वर्षं, आणि एक संगीताचा नियम. उदाहरणार्थ, 'बेस आणि तालवाद्यं पुढे, गिटार असलं तर खरवडण्यापुरतं'. नियम नसेल तर संग्रह भंगाराच्या गाडीसारखा होतो, सगळंच थोडं थोडं.

यादीत फक्त गाण्याचं नाव लिहिणं ही पहिली चूक. या काळात एकाच गाण्याची सात इंची, बारा इंची, अल्बममधली, बिनशब्दांची अशी अनेक रूपं असायची. लूज जॉइंट्सचं 'इज इट ऑल ओव्हर माय फेस' हे १९८० चं गाणं घ्या: पुरुष आवाजातली आवृत्ती वेगळी आणि लॅरी लेवनने केलेली स्त्री आवाजातली वेगळी. क्लबमध्ये गाजली ती दुसरी. करारात नुसतं नाव लिहिलं तर लेबल जी टेप हाताला लागेल ती पाठवतं, आणि छापून आल्यावर लोक विचारतात, 'अहो, हे ते नव्हे!' म्हणून प्रत्येक गाण्यापुढे पाच गोष्टी लिहायच्या: आवृत्तीचं नाव, मिनिट-सेकंदात लांबी, मूळ लेबल, कॅटलॉग क्रमांक, आणि रेकॉर्डच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक. लेबलचा कागद चुकीचा चिकटू शकतो. कोरीव क्रमांक मात्र ती तबकडी कापतानाच पडतो.

हक्क: एका गाण्याचे दोन मालक

प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. पहिला बहुधा गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे, दुसरा लेबलकडे. संग्रहाला दोन्ही लागतात.

रचनेचं काम त्यातल्या त्यात सोपं, कारण दर आणि रीत ठरलेली असते. ब्रिटनमध्ये तबकडी छापली की दुकानदाराला ज्या भावाने ती विकली जाते त्याच्या ८.५ टक्के रचनांसाठी जातात. अमेरिकेत दर प्रतीवर आणि गाण्यावर असतो: पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला २००६ पासून २०२२ पर्यंत ९.१ सेंट, २०२३ मध्ये १२ सेंट.

ध्वनिमुद्रणाच्या हक्काला ठरलेला दर नाही. तिथे मालकाला शोधून, समजावून, करार करावा लागतो. करारात या गोष्टी असतात: किती वर्षं (साधारण पाच ते सात), कोणते देश, कोणती माध्यमं (रेकॉर्ड, सीडी, ऑनलाइन), आगाऊ किती, आणि पुढचा वाटा किती. हक्क एकट्याला मिळत नाही. तेच गाणं मालक उद्या दुसऱ्या संग्रहालाही देऊ शकतो.

समजा दुकानदाराचा भाव ८ पौंड, ध्वनिमुद्रणांसाठी एकूण २० टक्के. म्हणजे प्रत्येक प्रतीवर १ पौंड ६० पेन्स. सोळा गाण्यांत वाटले की गाण्याला १० पेन्स. ३,००० प्रती गेल्या तर एका गाण्याच्या मालकाला ३०० पौंड. रचनेसाठी ६८ पेन्सचे सोळा भाग, म्हणजे गाण्याला सव्वाचार पेन्स. ३,००० प्रतींवर साधारण १२७ पौंड. या आकड्यांनी कुणी श्रीमंत होत नाही, आणि म्हणूनच मोठ्या कंपनीचा परवाना विभाग अशा पत्राला लवकर उत्तर देत नाही. त्यांच्या लेखी ते टेबलावरचं सगळ्यात लहान काम असतं.

आता खरी गोम. बहुतेक करारांत एक कलम असतं: दुसऱ्या कुणाला जास्त दर दिलात तर तोच मलाही. पंगतीत एकाला जिलेबी जास्त वाढली की सगळ्या ओळीला वाढावी लागते, तसं. वरच्या हिशेबात एक मालक अडून बसला आणि १५ पेन्स मागू लागला, तर सोळाही जणांना १५ द्यावे लागतात. प्रतीमागे १.६० चे २.४० होतात आणि ३,००० प्रतींवर २,४०० पौंड जास्तीचे जातात. त्यामुळे कधी कधी सगळ्यात प्रसिद्ध गाणंच संग्रहात दिसत नाही. निवडणाऱ्याला ते सुचलं नव्हतं असा अर्थ काढू नये. ते सोडून देणं स्वस्त पडलं.

लहान लेबलांचा त्रास याहून वेगळा. तिथे दर कमी असतो, पण मालक कोण हेच कळत नाही. ९९ रेकॉर्ड्सचं उदाहरण बोलकं आहे. ९९, मॅकडूगल स्ट्रीटवरच्या दुकानातून एड बाल्मन हे लेबल चालवायचे. लिक्विड लिक्विड, ईएसजी, बुश टेट्राज तिथलेच. १९८३ मध्ये शुगर हिल लेबलच्या 'व्हाइट लाइन्स' या रॅप गाण्यात लिक्विड लिक्विडच्या 'कॅव्हर्न' या गाण्याची बेसची ओळ आली. ९९ कोर्टात गेलं, निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण शुगर हिल दिवाळखोरीत गेली आणि ९९ ही पुढे बंद पडलं. अशा लेबलांवर वीस वर्षांनी संग्रह करताना प्रश्नांची साखळी लागते: बँडचा लेखी करार होता का? होता तर किती वर्षांचा? लेबल बंद झाल्यावर ध्वनिमुद्रणं परत बँडकडे गेली का, की कुणी विकत घेतली? बँडमधले चौघे आज बोलतात का एकमेकांशी?

या साखळीतली एक कडी तोंडी असेल तरी थांबावं. 'माझंच आहे, घ्या' असं सांगून सही करणारा गायक पुष्कळदा प्रामाणिकच असतो, पण ढोलकवाल्याचीही सही लागते हे त्याला माहीत नसतं. करारात 'हक्क माझाच आहे आणि नसल्यास भरपाई मी देईन' हे कलम घालतात. खिशात पैसे नसलेल्या माणसाकडून भरपाई येणार नाही, हे ठाऊक असूनही घालतात.

'इतकी जुनी गाणी, हक्क संपले असतील की' असंही वाटतं. संपलेले नाहीत. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाची मुदत २०१३ मध्ये ५० वरून ७० वर्षं झाली, म्हणजे १९८० चं ध्वनिमुद्रण २०५० अखेरपर्यंत बंदिस्त. भारतात ती ६० वर्षं आहे, प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून मोजलेली: १९६४ मध्ये निघालेल्या रेकॉर्डचा ध्वनिमुद्रणाचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. पण रचनेचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. जुनी मराठी गाणी एकत्र करून ऑनलाइन टाकणाऱ्यांची गल्लत नेमकी इथे होते.

एकाच कलाकाराचा जुना अल्बम पुन्हा काढणं तुलनेने सरळ. मुंबईच्या चरणजित सिंगांचा १९८२ चा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' २०१० मध्ये नेदरलँड्सच्या बाँबे कनेक्शन लेबलने पुन्हा काढला आणि जगभर त्याची चर्चा झाली. तिथे एक कलाकार, एक मूळ कंपनी, दहा तुकडे. सोळा गाण्यांच्या संग्रहात सोळा दारं ठोठवावी लागतात.

टेप: भाजावी लागते, खरंच

हक्क मिळाला की मूळ टेप मागवायची. सत्तरीच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंतच्या अनेक टेप, विशेषतः अँपेक्सच्या ४०६ आणि ४५६ जातीच्या, दमट हवेत खराब होतात. टेपवरची चुंबकीय पूड प्लॅस्टिकच्या पट्टीला धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप हवेतला ओलावा शोषतो आणि चिकट होतो. अशी टेप तशीच लावली तर मशीनच्या हेडवर तपकिरी चिकटा साचतो, टेप किंचाळते, थांबते, आणि पूड खरवडून निघाली की आवाज कायमचा गेला.

उपाय ऐकायला विचित्र आहे: टेप भाजायची. साधारण ५४ अंश सेल्सियसला, पाव इंची टेप असेल तर आठ तास, रुंद टेपला त्याहून जास्त. मग तितकाच वेळ हळूहळू थंड होऊ द्यायची. ओलावा निघून जातो आणि टेप काही आठवडे वाजवण्याजोगी होते. तेवढ्यात ती डिजिटलमध्ये उतरवून घ्यायची. घरच्या ओव्हनमध्ये हे करू नये. त्याचा काटा ५४ वर ठेवला तरी आतलं तापमान वीस-वीस अंश वरखाली होतं. प्रयोगशाळेतलं इनक्यूबेटर किंवा फळं सुकवायचं चांगलं यंत्र वापरतात. आणि भाजण्यापूर्वी रीळ उजेडासमोर धरून पाहावं: आरपार उजेड दिसला तर ती जुन्या अॅसिटेटची टेप आहे, तिला उष्णता दिली तर ती वाया जाईल. या काळातल्या टेप बहुधा पॉलिएस्टरच्या असतात, पण पाहायला पाच सेकंद लागतात.

टेप वाजली म्हणजे काम संपलं नाही. चांगल्या स्टुडिओने टेपच्या सुरुवातीला १००, १,००० आणि १०,००० हर्ट्झचे चाचणीचे सूर ठेवलेले असतात. ते वाजवून मशीनची पातळी आणि हेडचा कोन त्या टेपला जुळवायचा. कोन किंचित चुकला तरी हाय-हॅट (ड्रमवाल्याच्या पायाने मिटणाऱ्या झांजा) आणि टाळ्या बोथट होतात. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं: वेग सेकंदाला १५ इंच की ३०, ध्वनिसमतोल अमेरिकी पद्धतीचा की युरोपी, डॉल्बी ए ही टेपची फुसफुस कमी करणारी पद्धत वापरलीय का. डॉल्बीची टेप डॉल्बीशिवाय उतरवली तर आवाज चरचरीत आणि फुसफुसता येतो, आणि मग कुणीतरी 'जुनं ध्वनिमुद्रण, असंच असणार' म्हणून सोडून देतो. चूक मुद्रणाची नसते, उतरवणाऱ्याची असते.

टेप हरवलेली असेल तर? लहान लेबलांच्या बाबतीत हे नेहमीचं. मग त्या गाण्याच्या शक्य तितक्या चांगल्या दोन-तीन रेकॉर्ड मिळवायच्या, ओल्या पद्धतीने धुऊन पूर्ण वाळवायच्या, आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवायच्या. एक सुई खाचेच्या ज्या उंचीवर झिजवून गेली असेल त्याच्या वर किंवा खाली बसणारी दुसऱ्या आकाराची सुई वापरली की खरखर पुष्कळ कमी होते. नंतर टिकटिक काढायची, पण हाताने. संगणकाचा आपोआप टिक काढणारा प्रोग्रॅम टोकदार, क्षणिक आवाज शोधतो. आणि या संगीतात काऊबेल, टाळी, लाकडावरची काठी हे सगळे आवाज नेमके तसेच असतात. बेफिकीरपणे चालवलेला प्रोग्रॅम खरखरीबरोबर ठेक्याची धारही खाऊन टाकतो. अशा संग्रहात ड्रम कापसात गुंडाळल्यासारखे वाटतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

मिनिटं आणि क्रम

सीडीवर ८० मिनिटांच्या आत बसवायचं. रेकॉर्डचं गणित वेगळं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूला १८ ते २० मिनिटं चांगली मावतात. बेस जितका जोरात, तितकी खाच आडवी जास्त हलते आणि जागा जास्त खाते. २५ मिनिटं कोंबली की कापणाऱ्याला आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि बेस बारीक करावा लागतो, म्हणजे नाचाच्या रेकॉर्डचा जीवच गेला. बारा इंची सिंगल जन्माला आली ती याच कारणाने: १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्सने मिश्रित केलेलं 'टेन पर्सेंट' सॅलसोल लेबलने दुकानांत विक्रीला आणलं, एका गाण्याला अख्खी बाजू. सोळा गाणी, सरासरी साडेचार मिनिटं धरली तर ७२ मिनिटं. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येकी १८. सीडी आणि रेकॉर्ड दोन्हींत तोच क्रम बसतो.

आता तबकडीची एक खोड. ती एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, तर आत मध्याजवळ जेमतेम २१. आवाज तोच, पण तो लिहायला जागा निम्म्याहून कमी. म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा फाटतात, 'स' फिसकारतो. लांब, झगमगीत, हाय-हॅटने भरलेलं गाणं बाजूच्या सुरुवातीला. छोटं, काळपट, उंच सुरांची गर्दी नसलेलं गाणं शेवटी. क्रम लावणाऱ्याची कल्पकता या चौकटीत चालते. खोल बेस दोन्ही कानांत सारखा, म्हणजे मोनो, ठेवावा लागतो. साधारण १५० हर्ट्झच्या खाली तो डावा-उजवा विखुरला की सुई उडते.

क्रमासाठी प्रत्येक गाण्याचा वेग मोजायचा: १५ सेकंदांत किती ठोके, गुणिले चार. डिस्कोच्या आसपासची गाणी ११० ते १२५ मध्ये येतात. हे बँड माणसांचे आहेत, यंत्राचे नाहीत. सुरुवातीला ११२ असलेलं गाणं शेवटी ११७ वर पोचलेलं असतं. म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे लिहायचे. पुढच्या गाण्याची सुरुवात मागच्या गाण्याच्या शेवटाशी जुळते का, हे पाहायचं. गोंगाटाच्या गाण्यांचा वेग बराच जास्त असतो. त्यांना मध्ये नुसतं टाकलं तर दचका बसतो. पण एखादं गाणं दुसऱ्याच्या जवळजवळ दुगुनीत असेल तर कान तो जोड मान्य करतो.

दोन गाण्यांमधली दोन सेकंदांची शांतता हा आळशीपणा आहे. मागच्या गाण्याची लय मनात चालू ठेवायची आणि पुढचं गाणं ज्या ठोक्यावर यायला हवं तिथे सोडायचं. कधी ते पाऊण सेकंद निघतं, कधी साडेतीन.

शेवटी सगळ्यांची पातळी एकत्र आणायची. क्लबसाठी कापलेलं बारा इंची गाणं दणदणीत असतं, तळघरात चार ट्रॅकवर केलेलं गाणं लाजरं. दोन्हींची सरासरी मोजून आकडा सारखा केला तरी कानाला ती सारखी वाटत नाहीत, कारण मोकळ्या गाण्यात शांतता जास्त असते. बेस आणि आवाज यांच्यावर कान ठेवून जुळवायचं. इथे एक मोह आवरावा लागतो: सोळाही गाणी दाबून, चकचकीत करून एकाच स्टुडिओतली वाटायला लावायचा. तळघराचा वास राहू द्यावा. मार्स आणि डायनासोर एल एकाच दिवाणखान्यातले वाटायला लागले, तर संग्रह कशासाठी केला?

पुस्तिका, आणि विकत घेताना

आतली पुस्तिका ही सजावट नसते. कोण, कुठे, कुठल्या महिन्यात वाजवलं हे अनेकदा तिथेच पहिल्यांदा नीट छापलं जातं. फोटोंचे हक्क गाण्यांपेक्षा निराळे, छायाचित्रकाराकडून घ्यायचे. मुद्रितशोधन दोघांनी करावं, त्यातला एक त्या काळात तिथे असलेला असावा. वादकाचं नाव चुकलं तर ती चूक पुढची तीस वर्षं सगळीकडे नकलत राहते.

घेणाऱ्याने मागचं कव्हर उलटून पाहावं. वर्तुळातलं 'पी' आणि वर्ष असतं ती ध्वनिमुद्रणाच्या हक्काची नोंद. वर्तुळातलं 'सी' कव्हर आणि मजकुराची. प्रत्येक गाण्याखाली मूळ वर्ष आणि कुणाच्या परवानगीने घेतलं ते छापलेलं असेल, तर वरची बहुतेक कामं झालेली आहेत. फक्त गाण्यांची नावं आणि एक झकास चित्र असेल, तर ती चोरटी प्रत असण्याची शक्यता दाट.

आणि हे संग्रह कायम मिळत नाहीत. करार पाच-सात वर्षांचे, सगळे एकाच दिवशी संपत नाहीत. एक मालक नूतनीकरणाला तयार नसेल तर नवी आवृत्ती एका गाण्याशिवाय निघते, त्याच कव्हरमध्ये. जुन्या करारांत तर ऑनलाइन हा शब्दच नसायचा. म्हणून मोबाइलवर अल्बम उघडल्यावर मधलं एखादं गाणं राखाडी दिसतं आणि दाबलं तरी वाजत नाही. चौथ्यानंतर थेट सहावं सुरू झालं, तर नेटवर्कला शिव्या देऊ नका. पाचव्याच्या मालकाची सही अजून यायची आहे.